पुराआधी ठरलेला गोठा

आमच्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये फोन उचलला की पहिला प्रश्न "इर्विनवर किती फूट?", म्हणजे सांगलीच्या इर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती चढलं. तब्येत-बिब्येत नंतर.

माझं आजोळ शिरोळ तालुक्यातलं, पण कृष्णेच्या पलीकडच्या अंगाला, औरवाड-गणेशवाडीच्या पट्ट्यात. कागदावर कोल्हापूर जिल्हा, पण नदी पात्राबाहेर पडून शिरोळकडचे रस्ते बुडाले की आम्हाला जवळचं गाव कागवाड, म्हणजे कर्नाटक. आपत्तीच्या आराखड्यात मात्र तालुका संपला की पान पण संपतं.

नरसोबाच्या वाडीला दक्षिणद्वार झालं, म्हणजे पुराचं पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, की लोक आंघोळीला पळतात, पाण्याची भीती आम्हाला तशी कमीच. त्यामुळंच २०१९ ला फसलो. सांगलीत इर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. एनडीआरएफची बटालियन तिकडं तळेगावजवळ सुदुंबऱ्याला, आणि पुण्याहून येणारा हायवे शिरोलीजवळ पाण्यात गेलेला, कितीतरी दिवस बंद. ८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली, मावतील त्यापेक्षा जास्त माणसं बसलेली. त्या बातमीनंतर आमच्या गल्लीतल्या दोन-तीन म्हाताऱ्या बोटीत पाय ठेवायलाच तयार होईनात.

मामाची गोष्ट वेगळी. ते घाबरले नव्हते, चार म्हशी होत्या. बोटवाला पोरगा दारातनं ओरडतोय, मामा चला, आणि मामा एकच विचारतायत, "ह्यास्नी कुठं घालू सांग, मग येतो." त्याच्याकडं कुठलं उत्तर असणार? शेवटी दावी कापून म्हशी सोडल्या आणि बोटीत बसले. पूर ओसरल्यावर दोन परत आल्या.

मीटिंगांमध्ये लाइफ जॅकेट, सायरन, सगळ्यावर बोलतात, लागतंच ते, पण आमच्याकडं माणूस घर का सोडत नाही ह्याचं उत्तर बहुतेक वेळा गोठ्यात असतं.

त्यानंतर जे झालं त्याला पार्टनरशिप-बिर्टनरशिप कुणी म्हणत नाही. मामांचे व्याही कागवाडच्या वरच्या बाजूला माळावर राहतात, तिकडं उन्हाळ्यात वैरणीची मारामार. आमच्याकडं ऊसतोड सुरू असते, वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, पडलेलं असतं. मग ठरलं की तोडीच्या दिवसांत आम्ही ट्रॉली भरून वाडं पोचवायचं आणि पावसाळ्यात त्यांच्या शेडमधली एक बाजू आमच्या गल्लीतल्या जनावरांना मोकळी ठेवायची. एकाचं बघून दुसऱ्यानं, असं करत आठ-दहा घरांचं झालं. व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात अर्धे मेसेज कानडीत, अर्धे मराठीत, आणि मधेच कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतंय.

मृगाच्या आधी सगळे एकदा बसतात. कुणाचा ट्रॅक्टर, डिझेल कोण भरणार, कुणाच्या घरात बाळंतीण आहे, कुणाला डायलिसिसला मिरजेला न्यावं लागतं, हे वहीत लिहून घ्यायचं. एका वर्षी त्याच दिवशी बोट चालू करून बघितली तर इंजिन सुरूच होईना, प्लग गेलेला. बोट होती, ती ठेवायला शेड होती, फक्त चार महिन्यातनं एकदा इंजिन चालवायचं कुणी हे ठरलं नव्हतं. (आता ते काम मोटरसायकल दुरुस्त करणाऱ्या एका पोराकडं आहे, तो आनंदानं करतो, नदीत फिरायला मिळतं म्हणून.)

वरच्या कोयना धरणातनं किती सोडलं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातनं किती चाललंय, हे आकडे आता दोन्ही राज्यांचे अधिकारी एकमेकांना कळवतात, आणि आमच्यापर्यंतही लवकर येतात. पण क्युसेकवरनं मामांना काही कळत नाही, मग गल्लीनं आपला सोपा नियम केला की इर्विनला ३५ फूट झालं की म्हशी निघाल्या, माणसांचं नंतर बघू.

२०२१ च्या जुलैत पाणी परत चढलं. मामी म्हणत होती अजून एक दिवस थांबू, दूध घालायचं राहतंय. मामांनी ऐकलं नाही. भर पावसात, रात्री ट्रॉलीतनं म्हशी माळावर पोचल्या तेव्हा व्याही बॅटरी घेऊन फाट्यावर उभे, "बर्री मामा, बर्री," म्हणजे या मामा, या. शेडमध्ये दाव्याला खुंट्या आधीच ठोकलेल्या होत्या, मोजून, दोन आमच्या, एक जास्तीची, कारण मधल्या काळात रेडी झालेली त्यांना माहीत होतं.