इथे म्हणजे खंय?

"इथे क्लिक करा म्हणतोस, पण इथे म्हणजे खंय रे?" काकीने मधेच विचारलं आणि मला उत्तरच देता येईना.

तिच्या बचत गटाचा हिशोब लिबरऑफिस कॅल्कमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कसा ठेवायचा, त्याचा व्हिडिओ ओबीएस या स्क्रीन रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड केला होता. ६ मिनिटांचा. दोनदा पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू आत आला म्हणून परत केला, पंखासुद्धा बंद ठेवला, आणि एवढं करून माझा माउस कुठे पळतोय ते काकीला मोबाईलवर दिसतच नव्हतं, मी बोलायच्या आधीच क्लिक होऊन गेलेलं.

आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल, म्हणजे सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ आठवले. तिथे आधी स्क्रिप्ट लिहितात, एका रकान्यात स्क्रीनवर काय दिसणार, दुसऱ्यात काय बोलायचं. बघणाऱ्याने शेजारी सॉफ्टवेअर उघडून सोबत करत जायचं. मी आवाजाची एवढी काळजी घेतली, पण शेजारी करत बसलेल्या माणसाचा विचारच केला नाही, हे दिवसभर खूप लागून राहिलं.

रात्री परत रेकॉर्ड केलं. "वर सूत्राच्या पट्टीत डाव्या बाजूला आडव्या एमसारखं चिन्ह दिसेल, त्यावर क्लिक करा." मग ५ सेकंद काहीच बोललो नाही, माउस तिथेच धरून ठेवला.

काकीला उद्या सकाळी दाखवणार. तुम्ही कोणाला शिकवताना किती वेळ थांबता?