तुम्ही विचारलंत म्हणून: ‘प्रतिकारशक्ती वाढवायला काय देऊ?’

डिस्चार्जचा कागद हातात पडला की पेशंटची आई, सासू नाहीतर नवरा हळूच विचारतो, “सिस्टर, हिची प्रतिकारशक्ती वाढवायला काय देऊ?” मी नर्स आहे हे कळल्यावर लग्नाच्या पंगतीतही हाच प्रश्न येतो. ल्युपस, आमवात, रक्तवाहिन्यांना सूज येणारे आजार असलेल्या मोठ्या माणसांच्या वॉर्डात आणि डे-केअरमध्ये माझी ड्युटी असते. दारात उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा लिहूनच काढते.

काही देऊ नका. ती वाढवायची नाहीच आहे.

हे ऐकून समोरच्याचा चेहरा उतरतो, कारण च्यवनप्राशची बरणी आधीच पिशवीत असते. पण या आजारांत शक्ती कमी पडलेली नसते. ती स्वतःच्याच सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडांवर उलटलेली असते. घरचा कुत्रा घरच्यांनाच चावायला लागला तर त्याला जास्तीची भाकरी घालून कोणी धष्टपुष्ट करतं का? आपण त्याला बांधतो. औषधं तेच करतात. आता कुत्रा बांधला की चोराचं फावतं, हेही खरंच. म्हणून आमचं निम्मं काम दोरी नीट बांधलीय ना हे बघण्याचं, आणि निम्मं दारावर नजर ठेवण्याचं.

२०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमचे पेशंट एकामागून एक यायला लागले, ते आठवत असेल. दूषित पाण्यातून पोटात गेलेल्या जंतूविरुद्ध शरीर उठलं आणि जाता जाता स्वतःच्या नसांनाच धरून बसलं. धडधाकट माणसं त्यात सापडली. त्यांचीही शक्ती कमी नव्हती.

गुळवेलीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण ती प्रत्येक गावात आहे आणि ती फुकट आहे. कडुलिंबावर चढलेलीच हवी, बोटभर कांडं ठेचून रात्रभर तांब्याच्या भांड्यात भिजवायचं आणि सकाळी अनशापोटी प्यायचं, ही कृती मला एवढ्यांदा ऐकवलीय की आता मीच कुणालाही सांगू शकेन. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना गुळवेल घेणारे सहा पेशंट यकृताला इजा झालेले दिसले. इजेची धाटणी ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते तशी होती. पुढच्या वर्षी त्यांनी ते छापलं, आणि आयुष मंत्रालयाने ते दिशाभूल करणारं आहे असं म्हटलं. त्या वादात मी पडत नाही. माझी अडचण साधी आहे. आमचे बरेच पेशंट मेथोट्रेक्सेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी घेतात. ती गोळी यकृतावर ताण आणू शकते, म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त तपासतो. त्यात काढा असला आणि एसजीपीटी (यकृताच्या इजेचा रक्तातला आकडा) चढलं, तर डॉक्टरांनी दोष कुणाला द्यायचा? बंद होते ती मेथोट्रेक्सेट, आणि महिन्याभरात बोटं पुन्हा सुजतात. ‘आयुर्वेदाला काही साईड इफेक्ट नाही’ असं म्हणत कागदावर न सांगितलेला काढा हा माझ्या दृष्टीने सगळ्यात त्रासदायक काढा. घेतच असाल तर निदान सांगा. आम्ही ओरडू, पण लिहून घेऊ.

आणि त्या बिननावाच्या पुड्या! सांधेदुखीवर ‘रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या अशा पुड्यांमध्ये स्टेरॉईड मिसळलेलं सापडलेलं आहे. म्हणून तर दोन दिवसांत माणूस उठून चालायला लागतो.

प्रतिकारशक्ती वाढवण्याचं वेड टिपेला होतं ते मार्च २०२० नंतर. अख्खा देश काढे पीत होता, आणि आमचे पेशंट एका गोळीसाठी दुकानं पालथी घालत होते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. ल्युपसवाल्यांची ही रोजची गोळी, वर्षानुवर्षांची. कोरोनावर चालते अशी हवा झाली आणि धडधाकट लोकांनी घरात साठे केले. पुढे त्या उपयोगाचं काही खरं नव्हतं हे सिद्ध झालं, पण तोवर ज्यांना ती रोज लागते त्यांनी एकाआड एक दिवस घेऊन पुरवली.

आता दोरीबद्दल, म्हणजे औषधांबद्दल. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर काही दिवसांतच तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी घसरतात आणि माणूस जिवानिशी जाऊ शकतो. चूक होते कशी? बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या असतात. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळीही बऱ्याचदा तशीच पिवळी, तशीच बारकी. दुकानदार सवयीने पाकिटावर एक रेघ आणि दोन शून्यं, म्हणजे ‘रोज सकाळी एक’, ओढून देतो. म्हणून मी पेशंटला विचारते, “उपवास कोणत्या वाराला करता?” गुरुवार म्हणाल्या तर म्हणते, “मग ही गोळी शुक्रवारची.” उपवासाचा वार बाई कधी विसरत नाही, त्यामुळे त्याच्या पुढचाही विसरत नाही. पाकिटावर मार्करने मोठ्ठा ‘शुक्र’ लिहिते आणि घरी नेल्यावर ते रोजच्या डब्यात टाकायचं नाही, वेगळं ठेवायचं, हे तिच्याकडून वदवून घेते. नुसतं ‘हो हो’ चालत नाही. “कधी घेणार? चुकून राहिली तर काय करणार?” सासूसमोर विचारलं तर आणखी चांगलं, कारण मग घरात दोघींना माहीत असतं.

प्रेडनिसोलोन या स्टेरॉईडच्या गोळीची भानगड उलटी. ती रोज घ्यायची असते आणि लोक मध्येच सोडतात. चेहरा गोल होतो, गाल वर येतात, आणि भेटायला आलेल्या आत्याबाई म्हणतात, “बाई, तब्येत छान सुधारली हो!” तरण्याताठ्या पोरीला एवढं पुरतं. ती घरी जाऊन गोळी बंद करते. काही आठवडे स्टेरॉईड घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टेरॉईड, म्हणजे कॉर्टिसॉल, बनवणं कमी करतं, आणि गोळी एकदम थांबली की बीपी पडतं, उलट्या होतात, माणूस गळून जातो. डोस उतरवायचा तो डॉक्टरांनी, पायरी पायरीने. आत्याबाईंना कृपया कोणीतरी आवरा.

दारावरच्या पहाऱ्यात पहिला येतो ताप. घरात थर्मामीटर पाहिजे. कपाळाला हात लावून ‘थोडी कणकण आहे’ हे मला फोनवर कळत नाही. १००.४ किंवा त्याच्या वर गेला की तासाभराचाही विचार न करता फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. साधारण माणसाला हे अति वाटेल. पण पांढऱ्या पेशी खूप खाली असतील तर जंतू काही तासांत रक्तात पसरू शकतात, म्हणून अशा पेशंटला आल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू करण्याची आमची धडपड असते. स्टेरॉईडवर असताना तर ताप दबलेलाही राहतो. ताप नाही, पण पेशंट नेहमीपेक्षा मलूल आहे, थंडी वाजतेय, लघवीला जळजळ होतेय, हेसुद्धा सांगायला हवं. रोज सकाळी आम्ही तोंडात टॉर्च मारून बघतो तो याचसाठी. जिभेवर, टाळूला पांढरे चट्टे म्हणजे बुरशी. घरी आरशात हे तुम्हालाही दिसतं.

दुसरी गोष्ट नागीण. कमरेवर एका बाजूला आग होते आणि दोनेक दिवसांत पुरळ उठतं. तिचा वेढा पुरा झाला की माणूस दगावतो, असं गावात म्हणतात, म्हणून काव लावणाऱ्याकडे धावतात. वेढ्याचं काही खरं नाही. खरी घाई आहे ती गोळ्यांची. पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू केल्या तर उपयोग जास्त. नंतर महिनोन्‌महिने राहणारं दुखणं मी पाहिलंय. ते पेशंट साडीचा काठसुद्धा अंगाला लागू देत नाहीत.

खाण्याबद्दल मात्र घरचे भलतेच कडक होतात. फळं बंद, दही बंद, कोशिंबीर बंद. एवढं नको. नीट धुतलेलं, सोलता येईल ते सोललेलं फळ चालतं. टाळायचं ते निरसं दूध, कच्ची अंडी, कच्ची मोडाची मटकी आणि रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस. ल्युपसवाल्यांना उन्हाचा त्रास. पुण्यातल्या स्कूटीवरच्या मुली डोळे सोडून सगळं गुंडाळतात म्हणून थट्टा होते, पण माझ्या पेशंटना मी तसंच गुंडाळायला सांगते.

इतकं झाल्यावरही कोणीतरी म्हणतं, “पण काहीतरी द्यायला पाहिजेच ना?” बरं, लस द्या. फ्लूची दरवर्षी आणि न्यूमोनियाची, डॉक्टरांना विचारून. रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचं सलाईन ठरलं असेल तर त्याच्या आधीच काही आठवडे, कारण नंतर महिनोन्‌महिने लसीला शरीर दादच देत नाही. जिवंत जंतूंच्या लसी यांना नकोत. आणि फ्लूची लस नुसती पेशंटला नको, शेजारच्या कॉटवर झोपणाऱ्या नवऱ्यालाही द्या. सर्दी आणतो तोच.

फोन केलात तर आधी तापाचा आकडा सांगा, मग शेवटचं सलाईन कधी झालं ते, मग चालू गोळ्यांची नावं. गुळवेल घेतली असेल तर तीही त्यातच सांगा.