गवत वाढलं म्हणजे पाऊस आटला?

आमच्या सोसायटीत उन्हाळा तापला की कुणीतरी मला गाठतंच. "काकू, तुम्ही त्या मातीतल्या परागकणांचं काम करता ना? मग हवामान पहिल्यापासून बदलतंच की!" बदलतंच. पण बदललं हे कळतं कसं, हे विचारायला कुणी थांबत नाही.

गाळात साठलेल्या परागांवरून पूर्वी तिथे काय उगवत होतं, हे शोधायचं, हे माझं काम. ते बरंचसं ॲसिडचं. गाळाचा चमचाभर नमुना घ्यायचा. हायड्रोक्लोरिक ॲसिडने त्यातला चुना जातो, कॉस्टिक पोटॅशने काळं कुजकं सुटतं, आणि वाळू-माती विरघळवायला हायड्रोफ्लोरिक. ते काच खातं, म्हणून त्या दिवशी भांडी सगळी प्लॅस्टिकची, हातात दुहेरी ग्लोव्हज, आणि ॲसिड अंगावर उडालंच तर लावायला कॅल्शियम ग्लुकोनेटची ट्यूब हाताशी. एवढ्यातून उरतो तो पराग. त्याचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या चिवट पदार्थाचं. हवा लागली नाही तर हजारो वर्षं टिकतं. मग स्लाइड आणि मोजणी. गवताचा कण गोल, त्याला एकच छिद्र, छिद्राभोवती कडं. कुसळी असो, पवना असो, तोंडवळा तोच. धान्यांचे कण जरा मोठे, तेवढाच आधार.

परागांच्या टक्केवारीवरून जुनी वनराई उभी करायची पद्धत स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ साली मांडली. तिकडे पाइन, बर्च; वाऱ्यावर पराग उधळणारी झाडं. आपल्याकडे निम्मा कारभार मधमाश्यांच्या हाती. डोंगर सागाने भरलेला असला तरी गाळात सागाचा पराग नावालाच सापडतो. पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या शेवाळात अडकलेला आजचा पराग मोजला तर वाटेल, इथे गवताशिवाय काही उगवतच नाही.

त्यातून माणसाची कुऱ्हाड. एखाद्या थरात झाडांचा पराग घटला, गवताचा वाढला, तर पाऊस आटला की कुणी रान तोडून शेत केलं? स्लाइड दोन्हीचं उत्तर एकच देते. परागाचा आलेख दाखवून कुणी ठामपणे "दुष्काळ" म्हणालं की मी आधी विचारते, दुसरा साक्षीदार कोण?

लोणारला तो मिळाला. सरोवराच्या तळातून काढलेल्या सुमारे १० मीटर गाळात काही थरांमध्ये गेल्युसाइटचे स्फटिक आहेत. पाणी आटून अतिखारट झालं की हे खनिज जमतं. रान कुणी तोडलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यावरून दोन लांबलचक कोरडे काळ दिसले: एक ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी, दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वी. आता हा दुसरा काळ बघा. वेरूळचं कैलास लेणं त्यातच खोदलं गेलं, देवगिरीचे यादव त्यातच झाले, आणि शेवटाला, १३९६ पासूनचा, दुर्गादेवीचा दुष्काळ. कोरडं पडलं की संस्कृती बुडाली, असा सोपा हिशेब मला तरी मांडता येत नाही.

म्हणूनच इनामगाव डोक्यात घोळत राहतं. शिरूर तालुक्यातलं, घोड नदीकाठचं, तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं गाव. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे उत्खनन केलं. इ. स. पू. १००० च्या सुमारास चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या येतात, भांड्यांचा दर्जा उतरतो, इ. स. पू. ७०० पर्यंत वस्ती उठते. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी याचं कारण कोरडं होत गेलेलं हवामान असं मांडलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही. आणि लोणारच्या दोन्ही दुष्काळांत ही तारीख बसत नाही, दोहोंच्या मधे पडते. अर्थात घोडचं खोरं पर्जन्यछायेतलं, विदर्भातल्या लोणारचा पाऊस तिथे जसाच्या तसा लावणंही बरोबर नाही.

मग जवळचाच गाळ का काढत नाही? कारण तो नाही. दख्खनच्या या कातळावर नैसर्गिक सरोवरं मोजकीच. कात्रजचा तलाव पेशव्यांच्या काळातला, पाषाणचाही माणसानेच बांधलेला. त्यांत तीन हजार वर्षांपूर्वीचा गाळ कुठून येणार? शेतातली काळी माती तर त्याहून वाईट. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, वरची माती आत घसरते, पावसात फुगून सगळं पुन्हा ढवळतं. थरच राहत नाहीत, आणि हवा लागून परागही झडतो. त्यामुळे ढवळीकरांचं म्हणणं खोडून काढायलाही आज पुरावा तोकडा पडतो आणि डोळे मिटून मानायलाही. तोवर सोसायटीतल्या मंडळींना मी लोणारचे आकडे सांगते, इनामगावचं विचारलं तर "बघू" म्हणते.