सीव्ही 29 मध्ये अडकलेले बँकर इंजिन

कर्जतहून लोणावळ्याकडे बोरघाट चढताना गाडीला मागून बँकर इंजिने जोडतात. 37 फुटांत 1 फूट अशी ती चढण आहे. माझ्या एचओ मापाच्या, म्हणजे 1:87 प्रमाणाच्या मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर तेच दृश्य उभे करावे, पुढे एक डिझेल इंजिन, मधे बारा वाघिणी आणि मागून रेटणारे दुसरे इंजिन, एवढीच माझी इच्छा होती. पुढच्या इंजिनात आठ पिनांचा नवा डिकोडर, म्हणजे रुळांतून आलेले कंट्रोलरचे हुकूम ओळखून मोटार चालवणारी छोटी चकती, अर्ध्या तासात बसला. मागचे इंजिन मी वापरलेले घेतले होते, त्यात डिकोडर आधीपासून होता, आणि त्यानेच माझे तीन आठवडे खाल्ले.

कंट्रोलरवर वेगाच्या 128 टप्प्यांपैकी 40 वा दिला की पुढचे इंजिन दीड मीटर अंतर 21 सेकंदांत कापत असे आणि मागचे 15 सेकंदांत. वळणावर मधल्या वाघिणी दोन्हींच्या कचाट्यात सापडून उचलल्या जात. एकदा त्यातली एक थेट जमिनीवर गेली आणि तिचा कप्लर तुटला.

उपाय पुस्तकी होता. डिकोडरची प्रत्येक सेटिंग सीव्ही नावाच्या क्रमांकित कप्प्यात असते. 2 मध्ये मोटारीला मिळणारा सुरुवातीचा विद्युतदाब, 6 मध्ये मधला आणि 5 मध्ये कमाल. हळू इंजिनाला पळवता येत नाही, वेगवानाला आवरता येते, म्हणून मी मागच्या इंजिनाच्या सीव्ही 5 मध्ये 180 लिहिले. फरक पडला नाही. मग 120 लिहिले, मग 60. इंजिन पूर्वीसारखेच 15 सेकंदांत. चाके स्पिरिटने पुसली, मोटारीचे ब्रश पाहिले, रुळाचे सांधे पुन्हा डाखले, आणि शेवटी ज्यांच्याकडून इंजिन घेतले त्यांना विचारले. ‘रीसेट करून टाका’, एवढेच उत्तर आले. का, ते त्यांनी सांगितले नाही, आणि दिव्यांच्या सगळ्या सेटिंग पुसल्या जातील या भीतीने मी ते केले नाही.

आत नेमके काय लिहिले आहे ते वाचावे, तर मुख्य रुळावर माझा कंट्रोलर फक्त लिहू शकतो. वाचायचे तर इंजिन प्रोग्रॅमिंगच्या वेगळ्या रुळावर न्यावे लागते. तिथे दर वेळी ‘उत्तर नाही’ असा संदेश येई. डिकोडर बोलत नाही, तो मोटारीला क्षणभर, साधारण 6 मिलिसेकंद, जास्तीचा प्रवाह देतो आणि निदान 60 मिलिअँपिअरची ही उचकी कंट्रोलर ‘होय’ म्हणून मोजतो. इंजिन किंचित थरथरते, तेच त्याचे उत्तर. माझे इंजिन थरथरतच नव्हते.

तिसऱ्या रविवारी, वैतागून टोपण उघडले तेव्हा, डिकोडरमागे काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, दिसला. रुळावरच्या धुळीत इंजिन अडखळू नये म्हणून आधीच्या मालकाने तो लावला असावा. प्रोग्रॅमिंगच्या रुळावर प्रवाह मुद्दाम मर्यादित ठेवलेला असतो आणि तो सगळा हा कपॅसिटर भरण्यातच जात होता. त्याची एक तार सोडवली आणि इंजिन थरथरले. त्या क्षणी मी एकटाच ओरडलो, हे कबूल करतो.

सीव्ही 29 मध्ये 54 होते. हा आकडा फोडून वाचायचा असतो: 32 म्हणजे लांब पत्ता (इंजिनाचा मोठा ओळखक्रमांक), 16 म्हणजे स्वतंत्र वेगतक्ता, 4 म्हणजे डिकोडरचे हुकूम नसलेल्या साध्या डीसी रुळावर चालण्याची मुभा आणि 2 म्हणजे 28 किंवा 128 टप्पे. वेगतक्ता चालू असला की डिकोडर 67 ते 94 या सीव्हींमधून वेग घेतो आणि 2, 5, 6 यांकडे बघतही नाही. मी तीन आठवडे बंद खोलीच्या दारावर सूचना चिकटवत होतो. 16 वजा केले, कपॅसिटर असताना डीसीची मुभा असली तर इंजिन उधळू शकते म्हणून 4 ही वजा केले आणि 34 लिहिले. रीसेटनेही तक्ता बंद झाला असताच, म्हणजे तो सल्ला चूक नव्हता, फक्त एका वाक्याने तोकडा होता.

त्यानंतर मोजमाप एका संध्याकाळचे काम ठरले. आधीच सांगायला हवे होते ते असे, की वेळ मोजताना सीव्ही 3 आणि 4, म्हणजे वेग वाढण्या-उतरण्याचा विलंब, दोन्ही इंजिनांत शून्य ठेवावा आणि दोघांनाही दहा मिनिटे फिरवून गरम करून घ्यावे. थंड मोटारीवर जुळवलेला वेग नंतर बिघडतो. सीव्ही 5 मध्ये 165 आणि 6 मध्ये 80 ठेवल्यावर दोघे एका सेकंदाच्या आत आले. दोघांनी एकच हुकूम पाळावा म्हणून दोघांच्या सीव्ही 19 मध्ये जोडीचा सामाईक पत्ता, 10 हा आकडा, द्यायचा होता. पण बँकर उलट्या तोंडाने जोडायचा असल्याने त्याच्या आकड्यात 128 मिळवून 138 लिहावे लागले. हे विसरल्याने पहिल्याच फेरीत दोघांची रस्सीखेच झाली.

कपॅसिटरची तार पुन्हा डाखली आहे, पण आता मधे एक छोटा खटका बसवला आहे.