स्विफ्टच्या पायाशी साचणारं पाणी: चोर निघाला वेगळाच

मंडळी, डावीकडच्या सीटपुढे साचणारं पाणी येतं कुठून ते एकदाचं कळलं. दुरुस्ती अजून अर्धीच झाली आहे. गेल्या नोंदीत एसीची ड्रेन नळी साफ करून विषय मिटवला होता, तो निकाल मागे घ्यावा लागतोय. नळी तुंबलेली होती हे खरंच. पण ती मोकळी केल्यावर पाचव्या दिवशी मॅट पुन्हा चिंब.

गाडी तीच, 2013 ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, उघड्यावर चिंचेखाली उभी राहणारी. चिंचेचा संबंध पुढे येईल.

आधीचं निदान फसलं कारण पावसाळ्यात एसी आणि पाऊस दोन्ही एकदमच चालू असतात. आत पाणी दिसतं, नळीत गाळ सापडतो आणि आपण दोन्हींची गाठ मारून मोकळे होतो. या वेळी एकेका संशयिताला वेगळं बसवलं.

पहिला कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. हीटरची कॉइल गळत असेल तर पाणी बोटाला बुळबुळीत लागतं, गोडसर वास येतो, काच आतून तेलकट धुरकटते. पांढऱ्या टिश्यूवर टिपून पाहिलं. रंग नाही, वास नाही. मात्र टिश्यूवर बारीक माती आणि चिंचेच्या पाल्याचा चुरा होता. एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्यात पाला कुठून येणार? हे पहिल्याच दिवशी पाहिलं असतं तर तीन आठवडे वाचले असते.

तरी खात्री म्हणून कोरड्या दिवशी गाडी सपाट जागी उभी करून एसी अर्धा तास रिसर्क्युलेशनवर (आतलीच हवा फिरवत) चालवला आणि नळीखाली भांडं ठेवलं. पाव लिटरच्या आसपास पाणी भांड्यात, आत थेंबही नाही. एसी सुटला. (ज्यांची नळी अजून तुंबलेली आहे त्यांच्यासाठी: गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी घ्या, टोक लायटरने गोल करा आणि हलक्या हाताने खालून वर सरकवा. लोखंडी तार नको. नळीला वळण असतं, तार तिथे भोक पाडते नाहीतर नळीच एसीच्या खोक्यातून निसटवते. मग आतला पाऊस खरोखर एसीचा असेल.)

आता राहिला पाऊस. पाईपचं नोझल काढून, नळ अर्धाच उघडून, खालून वर एकेक भाग भिजवायचा. प्रत्येक जागी पाच मिनिटं, आत टॉर्च घेऊन दुसरा माणूस. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळतच नाही. आधी चाकाची कमान, मग दाराचा खालचा भाग, मग काऊल म्हणजे काचेच्या पायथ्याची वायपरखालची प्लास्टिकची पट्टी, शेवटी काचेची कड आणि छत. दाराच्या खालच्या काठावरची निचऱ्याची भोकं मातीने बुजली होती, ती खराट्याच्या काडीने मोकळी केली. पण दार निर्दोष. काऊलच्या डाव्या टोकाला पाणी धरलं आणि चौथ्या मिनिटाला आतून "आलं, आलं" अशी हाक.

काऊल उघडायला वायपरचे आर्म काढावे लागतात. त्याआधी पातं काचेवर जिथे टेकतं तिथे मास्किंग टेप लावून खूण करा, नाहीतर परत बसवताना अंदाजपंचे होईल. नट निघाला तरी आर्म दात्यांवर गंजून बसलेला असतो. स्क्रू ड्रायव्हरने काचेवर टेकू देऊन उचकटू नका, काच जाते. गंज सोडवणारा स्प्रे, दहा मिनिटं थांबणं, मग आर्म वर ओढून काढणारा छोटा दोन पायांचा पुलर. या पुलरइतकं स्वस्त आणि मनःशांती देणारं हत्यार पेटीत दुसरं नाही. पट्टीच्या प्लास्टिक क्लिपा मात्र तुटणारच, अर्धा डझन आधीच आणून ठेवा. पुण्यात नाना पेठेत सुट्या मिळतात, जुनी एक नमुन्याला न्या.

आत चिंचेच्या पाल्याचा अक्षरशः लगदा होता. निचऱ्याची दोन्ही तोंडं बंद, त्यामुळे पाणी तिथे तळ्यासारखं उभं. इथेच सगळं उलगडलं असं वाटलं. लगदा काढला, पाणी ओतलं, झपकन खाली गेलं. पुन्हा पाईप धरला. आत थेंब पडणं कमी झालं, पण थांबलं नाही.

हा खरा वैतागाचा टप्पा. फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला, आतून फेल्टचं जाड अस्तर असतं. पाणी त्याच्या मागून उतरतं आणि भलतीकडेच बाहेर पडतं, त्यामुळे जिथे ओलं तिथे भोक असं समजू नका. ग्लोव्ह बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की अडकण सुटतं आणि तो खाली लोंबतो. मागचं फेल्ट जमेल तेवढं बाजूला केलं, पत्रा कोरडा पुसला आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली. पाईप पुन्हा सुरू. दोन मिनिटांत पांढऱ्या पावडरीत एकच करडी रेघ उमटली. ती थेट मुख्य हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) रबरी ग्रोमेटपाशी, म्हणजे पत्र्याच्या भोकातल्या रबरी कड्यापाशी गेली. ग्रोमेटला ब्लेडने चीर दिलेली, आणि त्यातून बाहेरून बसवलेल्या फॉगलॅम्पच्या तीन वायरी आत घुसवलेल्या.

चीर एकवेळ चालली असती. घोटाळा वायरीच्या उताराचा होता. त्या काऊलच्या उंचीवरून सरळ उतरत आत येत होत्या. पाणी वायर धरून तिच्या सगळ्यात खालच्या बिंदूपर्यंत जातं आणि तिथे टपकतं. इथे तो बिंदू गाडीच्या आत होता. वायर बाहेरच भोकाच्या खाली झोळीसारखी लोंबवून मग वर घेऊन आत नेली तर थेंब बाहेरच गळतो. बसवणाऱ्याने दोन इंच जास्त वायर सोडली असती तर ही नोंदच लिहावी लागली नसती.

बेत असा होता की वायरींना झोळी द्यायची आणि चीर सिलिकॉनने भरायची. सिलिकॉन न्यूट्रल क्युअर लिहिलेलंच घ्या. आंबट वास येतो ते तांब्याला हिरवं करतं आणि पत्र्याला गंज लावतं. पण ट्यूब हातात घेतल्यावर वेगळंच सुचलं: तीन जाड वायरी आत हव्यातच कशाला? रिले, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, डॅशखाली बसवलाय म्हणून. तो इंजिनच्या बाजूला नेला की आत फक्त स्विचची एक 0.75 चौरस मिलिमीटरची वायर लागेल.

म्हणून बॅटरीची निगेटिव्ह आधी काढून तिन्ही वायरी उपसल्या. रिलेच्या 30 नंबरच्या पिनला बॅटरीकडून फ्यूजमार्गे, 87 वरून लॅम्पकडे, 86 ला स्विच, 85 अर्थ. 55 वॅटचे दोन दिवे म्हणजे 12 व्होल्टवर साधारण 9 अँपिअर, त्यामुळे फ्यूज 15 अँपिअरचा, बॅटरीपासून वीतभर अंतरात. फ्यूज लांब लावला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर तो काहीच वाचवत नाही. स्विचच्या वायरीसाठी शेजारचंच रिकाम्या भोकाचं रबरी बूच काढून त्या मापाचा ग्रोमेट लावायचा आहे. सरकवायला साबणाचं पाणी, ऑइल नको, रबर फुगतं. चिरलेल्या ग्रोमेटवर तूर्त ब्युटाइल टेप, म्हणजे पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी आहे.

कार्पेटचं काम कंटाळवाणं. वरून कोरडं वाटतं, खालचं फेल्ट स्पंजसारखं पाणी धरून असतं. दाराची सिल प्लेट (उंबऱ्यावरची पट्टी) काढून कार्पेट उचललं, खाली विटेचे तुकडे सरकवले, रद्दी कोंबली आणि दोन दिवस टेबल फॅन. रद्दी सहा वेळा बदलली. पत्र्यावर रुपयाएवढा गंजाचा डाग निघाला. तारेचा ब्रश, मग रेड ऑक्साइड. भोक पडलेलं नाही, नशीब.

बॅटरी सुटलेलीच होती म्हणून टर्मिनलवरचं पांढरं-हिरवं कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून धुतलं, कोरडं करून पेट्रोलियम जेली लावली. सकाळचा स्टार्टर आता रेंगाळत नाही. काऊलच्या तोंडांवर स्टीलची जाळी बसवायचाही विचार होता, पण पाला जाळीवरच थर धरेल. त्याऐवजी दर पंधरा दिवसांनी बॉनेट उघडून हाताने उपसणं बरं.

आता ग्रोमेटखाली, दाराच्या कडेला आणि सीटच्या रुळापाशी टिश्यूच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. काल रात्री तासभर चांगला कोसळला, तिन्ही कोरड्या. अजून दोन मोठ्या सरी काढल्या तरच सिल प्लेट बसेल, तोवर ती डिकीत.