गाडी पुळणीवर उतरवण्यापूर्वी भरतीची वेळ पाहावी

दिवाळी किंवा नाताळची सुट्टी लागली की कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर रुतलेल्या मोटारीचा व्हिडिओ मोबाईलवर फिरू लागतो. मागची चाके अर्धी वाळूत, दारापर्यंत आलेल्या लाटा, गुडघाभर पाण्यात उभे राहून धक्का देणारे चार-पाच जण आणि कोरड्यावरून सूचना करणारे पन्नास. त्यावर होणाऱ्या चर्चेत दोष नेहमी वाळूला किंवा चालकाच्या कौशल्याला दिला जातो. फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद मिळणारी) असती तर निघाली असती, असेही कोणीतरी म्हणतो. मला हे निदान अपुरे वाटते. वाळू गाडीला फक्त अडवते, आणि नुसती अडकलेली गाडी तासाभरात निघू शकते. तिची वाट लावते ते भरतीचे पाणी. त्यामुळे किनारपट्टीच्या सहलीत गाडी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, नेण्याचा विचार असेल, तर टायर आणि गिअर यांच्या आधी समुद्राचे वेळापत्रक समजून घेणे आवश्यक आहे.

भरतीच्या वेळा आता मोबाईलवर मिळतात, परंतु कोकणातल्या मच्छीमारांचा जुना ठोकताळा आजही कामाचा आहे. तिथीच्या आकड्याचा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास भरती पूर्ण होते. दिवसातून दोनदा, म्हणजे दुपारी जशी तशीच मध्यरात्रीही. चंद्रामुळे भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, आणि तिथीमागे पाऊण तास हा हिशेब त्याच्या पुष्कळच जवळ जातो. प्रत्येक बंदराची वेळ थोडी मागेपुढे असते, म्हणून हा अंदाजच समजावा. पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते.

आता या हिशेबाचा सहलीशी काय संबंध, तेही पाहू. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, म्हणजे पाणी सर्वांत वर चढते आणि तितकेच खाली जाते. या दिवसांत दुपारी बाराला भरती, तर संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते. सूर्यास्ताला फोटो काढण्यासाठी लोक किनाऱ्यावर येतात त्याच वेळी समुद्र सर्वांत दूर गेलेला, ओली पुळण आरशासारखी सपाट, आणि गाडी थेट पाण्याच्या कडेपर्यंत न्यावी असा मोह अगदी अनावर. तेथे गाडी रुतली तर पुढच्या अर्ध्या तासात अंधार पडतो, पाणी वळलेले असते, आणि जे पाणी येणार असते ते पंधरवड्यातले सर्वांत मोठे असते. सप्तमी-अष्टमीच्या भांगाच्या दिवसांत पाण्याची चढउतार कमी असते. पण तेव्हा सहाच्या सुमारास भरती असल्यामुळे ओली, घट्ट वाळू पाण्याखाली जाते आणि उतरणाऱ्यांच्या वाट्याला वरची कोरडी, भुसभुशीत पट्टीच येते.

पाणी किती वेगाने येते, याचाही लोकांना अंदाज नसतो. भरतीच्या सहा तासांत पाणी सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात ते जेमतेम हलते, आणि नेमका हाच तास फसवा असतो, कारण अडकलेल्या माणसाला वाटते की अजून भरपूर अवकाश आहे. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मी चढ पूर्ण होते. पन्नास मीटरला एक मीटर असा मंद उतार असलेल्या किनाऱ्यावर पाणी अडीच मीटर चढणार असेल, तर ते सव्वाशे मीटर आत येते आणि मधल्या दोन तासांत दर मिनिटाला सुमारे अर्धा मीटर पुढे सरकते. फावडे शोधायला वाडीत जाऊन परत येईपर्यंत पंधरा मीटर पुळण संपलेली असते.

शिवाय उभ्या गाडीला पाण्यातून वाहून जावे लागत नाही. ती जागीच खाली जाते. लाट परत फिरताना टायरच्या कडेची वाळू घेऊन जाते, टायरखाली पोकळी होते, गाडी त्यात बसते, पुढची लाट पुन्हा तेच करते. कर्द्याच्या किनाऱ्यावर एका पर्यटकाची गाडी अशी बसताना मी जवळून पाहिली आहे. लाट येई तेव्हा टायरभोवती फेस जमे, लाट ओसरताना चाकाच्या मागच्या बाजूला पाण्याची छोटीशी घळ पडे आणि त्या घळीच्या कडा आत कोसळत. चालक मध्येच इंजिन जोरात फिरवून पाही, त्यामुळे चाक आणखी चार बोटे खाली जाई. शेवटी ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे चालकाला खाली उतरवून इंजिन बंद करायला लावले.

कायद्याचा मुद्दा मी मुद्दामच मध्यावर आणला, कारण सुरुवातीला सांगितला तर लोक तो वगळून पुढे जातात. महाराष्ट्रातल्या पर्यटकांच्या गर्दीच्या बहुतेक किनाऱ्यांवर वाहने उतरवण्यास स्थानिक प्रशासनाने मनाई केलेली आहे आणि तसे फलकही असतात. गोव्यातही किनाऱ्यावर वाहन चालवण्यास बंदी असून पर्यटकांवर गुन्हे नोंदवले जातात. सार्वजनिक मार्गावर बेदरकारपणे वाहन चालवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ आहेच. ही बंदी जाचक आहे असे मला अजिबात वाटत नाही. लाटांच्या आवाजात वाळूत खेळणाऱ्या मुलाला मागून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकू येत नाही, आणि सैल वाळूत ब्रेक दाबल्यावर गाडी डांबरावरच्यासारखी थांबत नाही. त्यातच नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ, म्हणजे नेमका आपल्या सहलींचा हंगाम. वेळास आणि आंजर्ले येथे घरटी शोधून जपली जातात ती यासाठीच की मादी भरतीरेषेच्या वर, दीडेक फूट खोल खड्ड्यात शंभरच्या आसपास अंडी घालून निघून जाते आणि वरून काहीही दिसत नाही. चाकोरीत पडलेले बोटभर पिल्लू तिची भिंत चढू शकत नाही. ते चाकोरीतूनच चालत राहते आणि उन्हात किंवा कावळ्यांच्या तावडीत सापडते. म्हणून कोकणात आणि गोव्यात गाडी सुरूच्या बनापाशी, रस्त्याच्या कडेला किंवा गावाने ठरवलेल्या वाहनतळावर लावावी आणि चालत जावे, हेच माझे स्पष्ट मत आहे.

मग वाळूवर गाडी चालवण्याची हौस असणाऱ्याने काय करावे? पनवेलहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ धरून दक्षिणेला कन्याकुमारीकडे जाताना केरळात कण्णूर आणि तलश्शेरी यांच्या दरम्यान मुळप्पिलंगाड नावाची पुळण लागते. सुमारे चार किलोमीटर लांबीच्या या किनाऱ्यावर गाडी नेण्याची अधिकृत सोय आहे. तेथील वाळू बारीक आणि दाबून बसलेली आहे, उतार मंद आहे, आणि समुद्रात असलेल्या काळ्या खडकांमुळे लाटांचा जोर कमी होतो. केरळात भरती-ओहोटीतला फरकही लहान असतो. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जाते, तर कोचीकडे ही चढउतार एका मीटरच्या आसपास राहते. त्यामुळे साध्या हॅचबॅकसुद्धा तेथे निर्धोक फिरतात. (खडकांवर मिळणारे शिणाणे हे शिंपले तेथल्या खाणावळींत तळून देतात, गाडीपेक्षा त्यांच्यासाठी थांबावे, असे माझ्या घरच्यांचे मत आहे.) मात्र पाऊणपटीचा कोकणी हिशेब तेथे लावू नये, स्थानिक तक्ता पाहावा आणि त्या दिवशी प्रवेश खुला आहे का, हे प्रवेशद्वारावर विचारावे.

अशा ठिकाणीही गाडी उतरवण्यापूर्वी स्वतः चालत जाऊन वाळू पाहिल्याशिवाय राहू नये. ओल्या वाळूवर पाय टेकताच पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, पांढुरकी दिसली तर ती घट्ट बसलेली आहे. पाय आपटल्यावर वाळू थुलथुलली आणि पावलाभोवती पाणी वर आले तर तेथे गाडी नेऊ नये, मग ती कितीही सपाट दिसो. कोरड्या पट्टीत टाच खोल जात असेल तर रस्त्यापासून ओल्या वाळूपर्यंतचे ते अंतरच सर्वांत अवघड ठरते. बहुतेक गाड्या समुद्रापाशी नव्हे, तर परत वर चढताना या पट्टीत अडकतात. खाडीचे मुख, पुळणीवरून समुद्राला मिळणारे ओहोळ आणि त्यांच्या कडा यांपासून दूर राहावे. आणि मागच्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नये, कारण पावसाळ्यातल्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात, ती हिवाळ्यात हळूहळू परत येते, आणि प्रत्येक वर्षी नेमकी त्याच ठिकाणी बसत नाही.

मऊ वाळूत टायरमधील हवा कमी करणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय ठेवलेल्या टायरमधील हवा १८ ते २० पर्यंत उतरवली की टायर लांबट पसरतो, वजन अधिक जागेवर विभागले जाते आणि चाक वाळू खोदण्याऐवजी तिच्यावरून जाते. १५ च्या खाली गेल्यास वळताना टायर रिमवरून सुटण्याचा धोका असतो. ज्याच्याकडे हवा मोजण्याचे गेज आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा पंप नाही, त्याने हा प्रयोग करू नये, कारण कमी हवेत डांबरी रस्त्यावर वेगाने गेल्यास टायर तापून फुटू शकतो. मुळप्पिलंगाडसारख्या घट्ट वाळूवर हवा कमी करण्याची गरज सहसा पडत नाही.

चालवताना एकच पथ्य मोठे आहे, ते म्हणजे धक्का न देणे. दुसऱ्या गिअरमध्ये एकसारख्या, संथ गतीने जावे, वळण मोठे घ्यावे, ब्रेक जोरात न दाबता गाडीला आपोआप मंदावू द्यावे. थांबायचे असेल तर उताराकडे तोंड करून, घट्ट वाळूवर थांबावे, म्हणजे पुन्हा निघताना चाकांना जोर लावावा लागत नाही. मऊ वाळूत ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकांची घसरण रोखणारी यंत्रणा, इंजिनाची ताकद नेमक्या नको त्या वेळी कापते, म्हणून तेवढ्यापुरती ती बंद ठेवावी. वाळूवर गाडी गोल फिरवण्याची हौस मात्र घरी ठेवून यावी. उंच एसयूव्ही अशा वळणात बाहेरचे चाक रुतून उलटू शकते.

एवढे करूनही चाक जागीच फिरू लागले तर पाय लगेच ॲक्सिलरेटरवरून काढावा. सर्वांनी उतरावे, चारही चाकांच्या पुढची आणि मागची वाळू हातांनी उपसून उतार करावा, गाडीचे पोट वाळूला टेकले असेल तर तीही काढावी, आणि आलेल्या चाकोरीतून मागे येण्याचा प्रयत्न करावा, कारण ती वाळू आपल्याच वजनाने दबलेली असते. पायपुसण्या टाकण्याचा उपाय प्रसिद्ध आहे, पण चाक त्या सहसा मागे भिरकावून देते. नारळाच्या झावळ्या किंवा फळ्या अधिक धरतात. ओढून काढायची वेळ आली तर दोर बंपरला बांधू नये. बहुतेक मोटारींच्या हत्यारांच्या पिशवीत ओढण्याचा हूक असतो, तो बंपरवरच्या छोट्या झाकणामागे फिरवून पूर्ण बसवावा लागतो. तो कुठे आहे हे घरीच पाहून ठेवलेले बरे. दोर ताणलेला असताना त्याच्या लांबीइतक्या अंतरात कोणीही उभे राहू नये, व्हिडिओ काढणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

पाणी चाकांपर्यंत आले असेल तर माणसे आणि सामान वर नेऊन इंजिन बंद ठेवावे. इंजिनात पाणी शिरल्यानंतर ते चालू करण्याचा प्रयत्न केल्यास होणारे नुकसान साध्या सर्वंकष विम्यात सहसा भरून मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घेतलेले असावे लागते. स्टार्टर फिरवण्याची ती एक किल्ली अनेकांना ट्रॅक्टरच्या भाड्यापेक्षा कितीतरी महाग पडलेली आहे.

सुखरूप परत आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी खालून धुवून घ्यावी. वरचा रंग चकचकीत करून देणारे पुष्कळ असतात, पण खारी वाळू साचते ती चाकांच्या कमानीत, सायलेन्सरच्या वरच्या बाजूला आणि ब्रेकच्या डिस्कमागे. म्हणून गाडी लिफ्टवर घेऊन पाण्याचा जोराचा फवारा तेथे मारायला सांगावे, आणि निघताना रिकाम्या रस्त्यावर दोन-तीनदा हलके ब्रेक दाबून ते कोरडे करून घ्यावेत.