अल्गोनाची गव्हाण

गेल्या रविवारी मुलांना घेऊन अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या अल्गोना गावी जाऊन आलो. आयोवाची राजधानी डे मॉइनपासून उत्तरेला दोन-सव्वादोन तास. दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची शेतं, खुंटांवर बर्फ. तिथे ख्रिस्तजन्माचा एक देखावा आहे, जर्मन युद्धकैद्यांनी केलेला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चार लाखांहून जास्त युद्धकैदी होते, हे इथे सहा वर्षं राहूनही मला माहीत नव्हतं. युरोपात सैनिक उतरवून परतणारी जहाजं त्यांना भरून आणायची. अल्गोनाची छावणी एप्रिल १९४४ मध्ये सुरू झाली. गावातली तरणी पोरं लढाईवर, शेतात माणूस नाही. मग ज्यांच्याशी लढाई चाललेली, तेच इथे मका काढायला. दिवसाचे ८० सेंट मिळायचे, तेही छावणीच्या कँटीनमध्ये चालणाऱ्या कुपनांत. जेवण अमेरिकन सैनिकांसारखंच. आणि त्याच काळात अमेरिकेच्या दक्षिणेत जर्मन कैदी उपाहारगृहात बसून जेवत, तर स्वतःच्या देशाचा गणवेश घातलेल्या काळ्या सैनिकांना मागच्या दाराशी थांबावं लागे. हे वाचलं तेव्हा फार संताप आला, अजूनही येतो.

त्या कैद्यांत एडुआर्ड काइब होता. १९४४ च्या नाताळात आजारी, घरच्या आठवणीने खचलेला. हाताला काम हवं म्हणून त्याने छोटासा देखावा केला. छावणीच्या प्रमुखाने तो पाहिला आणि मोठा करायला सांगितलं. काइबने पाच सोबत्यांना घेऊन वर्षभर खपून साठेक मूर्ती घडवल्या. तारेचा सांगाडा, त्यावर काँक्रीट, वरून प्लास्टर. खर्च कैद्यांनी आपल्याच कमाईतून केला.

उंची माणसाच्या निम्मी. मेंढपाळ, उंट, गव्हाणीत बाळ. माझी धाकटी मेंढ्यांसमोरून हलेचना. तिला दिवाळीचा किल्ला आठवला, "बाबा, यांनी पण मावळे मांडलेत!" मला मात्र इथला माझा पहिला डिसेंबर आठवत होता. दुपारी साडेचारला अंधार, आणि आईला फोन करायचा तर तिकडे पहाटेचे चार. मी तर आपखुशीने आलेला. काइबला घर उरलंय की नाही हे तरी कुठे ठाऊक होतं?

छावणी १९४६ मध्ये बंद झाली, देखावा गावाने ठेवून घेतला. १९६८ मध्ये काइब बायकामुलांना घेऊन तो पाहायला आला होता. तिकीट लावायचं नाही, ही त्याची इच्छा. दारातल्या आजोबांना मी पैसे विचारले, तर त्यांनी नुसती मान हलवली आणि धाकटीला आत जायला वाट करून दिली.